‘इटालियन कॉपी’ म्हणणाऱ्यांसाठी

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. दुपारी एक मित्र घरी आला होता (नाव घेत नाही, वाचतोय तो). नवीन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (दर गोळीआधी मागचा हातोडा अंगठ्याने ओढावा लागतो ते) दाखवलं, तर हातात घ्यायच्या आधीच म्हणतो, "इटलीची कॉपी ना? मग काय मजा!"

अरे बाबा, तुझ्या हॉलमध्ये जी तलवार टांगलीय, प्रतापगडाच्या पायथ्याशी घासाघीस करून घेतलेली, ती काय ओरिजिनल आहे? दर शिवजयंतीला तिच्यासमोर फोटो काढतोस की नाही?

ओरिजिनल म्हणजे कोल्ट या अमेरिकन कंपनीचं १८७३ चं मॉडेल. त्या काळातले चांगले पीस आता एकतर म्युझियममध्ये, नाहीतर ज्यांना पैशाचं काय करायचं कळत नाही त्यांच्या कपाटात. कोल्टचंच आजचं नवीन घ्यायचं म्हटलं तरी माझ्या याच्या जवळपास तिप्पट मोजा. आणि इटलीत ज्या खोऱ्यात ही बनतात तिथल्या बेरेटा घराण्याने व्हेनिसला बंदुकीच्या नळ्या विकल्याची नोंद १५२६ सालची आहे, म्हणजे पानिपतची पहिली लढाई झाली ते साल. यांना आपण कॉपीवाले म्हणायचं!

असो. हातात घेतलं की वजन जाणवतं, फ्रेमवर निळ्या-तपकिरी रंगांचे ढग, आणि घोडा (तोच मागचा हातोडा) हळूहळू मागे ओढला की चार क्लिक. इथले, अमेरिकेतले जुने लोक म्हणतात ती सी-ओ-एल-टी अशी स्पेलिंग आहे. मी काल रात्री सोफ्यावर बसून, रिकामं आहे हे दोनदा बघून, किती वेळा ऐकलं सांगत नाही, बायको वाचेल.

आठ वर्षांचा असताना बाबांनी दिवाळीला टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं, लाल रोलवालं. मी वसुबारसेलाच ओट्यावर बसून सगळे रोल संपवले आणि लक्ष्मीपूजनाला तोंडानेच ठो ठो करत फिरलो. बाबा एवढंच म्हणाले, "एकेक वाजवायची रे."

सकाळी शूटिंग रेंजवर तेच आठवत होतं. घोडा अर्धा ओढा, बाजूचं झाकण उघडा, एक काडतूस भरा, एक घर सोडा, मग चार भरा, आणि घोडा पूर्ण ओढून रिकाम्या घरावर अलगद टेकवा. म्हणजे सहाचं असून पाचच. दर गोळीला अंगठ्याने घोडा ओढायचा. रिकामी काडतुसंही दांडीने एकेक ढकलून काढायची. घाई करताच येत नाही. बाबा असते तर खूश झाले असते.

तक्रारी आहेत, नाही कशाला म्हणू. पन्नास गोळ्यांत मुठीमागचे दोन स्क्रू सैल झाले, आणि मारा खाली, थोडा डावीकडे. शेजारच्या लेनमधले म्हातारे म्हणाले, पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) इतक्यात घासू नकोस, आधी दोनशे मार, कदाचित तुझाच हात हलतोय. बरोबर असावेत.

आणि हो, या देशात बंदुकांचं काय चाललंय ते मलाही दिसतं. माझी पोरगीही इथल्याच शाळेत जाते, लॉकडाऊन ड्रिल (शाळेत बंदूकवाला शिरला तर लपायचा सराव) करून घरी येते. तो मुद्दा काढला असतास तर मी गप्प बसलो असतो रे. पण तुझा मुद्दा काय, तर कॉपी!

टिकल्यांसारखा वास मात्र येत नाही, तेवढं वाईट वाटलं.

चला, स्क्रू आवळायला बसतो. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) कोणाकडे असेल तर सांगा, शनिवारपर्यंत दुकानात जाणं होणार नाही. तलवारवाल्या, तुझ्या गॅरेजमध्ये बघितल्यासारखं वाटतंय. घेऊन ये, चहा टाकतो.