वादळात साप-सरड्यांना थंडी नाही, उकाडा मारतो

हरिकेन सीझन १ जूनला सुरू होतो आणि आमच्या फ्लोरिडात दरवर्षी तेच होतं, वादळ गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात, शिरलं की मग लोक विचारायला लागतात, माझ्या गेकोचं (पाळीव पालीचं) काय करू, माझा पायथन कुठे नेऊ. तोपर्यंत खूप उशीर झालेला असतो हो. म्हणून आत्ताच लिहितोय, जरा लांबलं तरी वाचा.

८ ऑक्टोबर २०२४, मिल्टन वादळ यायच्या आदल्या दिवशी, टँपात गॅस स्टेशनवर रांगा, आणि मला एका मित्राचा फोन. त्याचं घर झोन ए मध्ये, म्हणजे सगळ्यात आधी रिकामा करायला लावतात त्या भागात, निघणं भागच होतं, आणि घरात कॉर्न स्नेक. त्याने दोन शेल्टरना (वादळात लोकांना राहायला देतात त्या निवाऱ्यांना) फोन केले, दोन्हीकडे उत्तर एकच, कुत्रा-मांजर चालेल, साप नाही. रडकुंडीला आला होता तो. शेवटी तो साप आमच्याकडे राहिला, आमचं घर इव्हॅक्युएशन झोनमध्ये येत नाही म्हणून.

मला याचा फार त्रास होतो. २००५ मध्ये कतरिना वादळाच्या वेळी कितीतरी लोक पाळीव प्राण्यांना सोडून निघायला तयार नव्हते, म्हणून २००६ मध्ये पेट्स अ‍ॅक्ट आला, म्हणजे आपत्तीत पाळीव प्राण्यांचाही विचार करायला लावणारा कायदा. चांगलंच झालं. पण फेमाच्या (अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) व्याख्येत 'घरातला पाळीव प्राणी' म्हणजे कुत्रा, मांजर, पक्षी, ससा, हॅमस्टरसारखे प्राणी आणि कासव. कासव सोडून बाकी सरपटणारे प्राणी त्यात नाहीतच! ज्या मुलीने सहा वर्षं बिअर्डेड ड्रॅगन (एक पाळीव सरडा) सांभाळलाय तिला तुम्ही काय सांगणार, तुझा प्राणी यादीत नाही म्हणून? नियम बदलायलाच हवा असं माझं ठाम मत आहे, पण तो बदलेपर्यंत जागा आपणच शोधायची. तुमच्या काउंटीला आत्ताच फोन करून स्पष्ट विचारा, आणि कुणातरी मित्राकडून 'हो, आण' असं आधीच कबूल करून घ्या.

आता मुख्य मुद्दा. लाइट जाणार म्हटलं की सगळे पहिल्यांदा हीट पॅक आणायला धावतात, कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की यांना ऊब लागते. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ ला गोठवणाऱ्या थंडीत लाइट गेले होते तेव्हा ते बरोबरच होतं. पण मोठी वादळं बहुतेक ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतात, खिडक्यांना शटर, एसी बंद, दमट हवा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खोली ९० फॅरनहाइटच्या वर. बॉल पायथन ७५-७८ च्या गारव्यातही काही दिवस आरामात काढतो, क्रेस्टेड गेको मात्र ८५ च्या वर गेलं की त्रासात येतो आणि तसंच राहिलं तर मरतो. थंडीत हे प्राणी मंद होतात, तुम्हाला थोडा वेळ मिळतो. उकाड्यात तो वेळ मिळत नाही.

मिल्टननंतर आमच्याकडे चार दिवस लाइट नव्हते. गेकोचा डबा मी घराच्या मधल्या बाथरूममध्ये फरशीवर ठेवला, वादळाच्या आधी फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या होत्या त्यातली एक टॉवेलमध्ये गुंडाळून डब्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवून, म्हणजे त्याला नको असेल तर लांब सरकता येतं. आणि बॅटरीवरचा थर्मामीटर, तो नसेल तर बाकी सगळं अंदाजपंचे. रात्री तीनला उठून बघायचो मी, बायको म्हणायची झोप आता, पण झोप कुठली.

दुसरी चूक प्रेमापोटीच होते. 'पुढे चार दिवस काय होईल माहीत नाही, आधी पोटभर खाऊ घालूया.' कृपा करून असं करू नका! सापाला पचवायला उष्णता लागते, हीट मॅट बंद पडली आणि अंग गार झालं की खाल्लेलं पोटात सडतं, तो ओकतो, आणि त्यातून सावरायला आठवडे जातात. शिवाय भरल्या पोटी प्रवास, हाताळणी, ते वेगळंच. धडधाकट मोठा साप दोन-तीन आठवडे न खाता सहज राहतो, वादळ दिसायला लागलं की खाणं बंद, पाणी मात्र स्वच्छ हवंच. यूव्हीबी लाइट (उन्हाची जागा घेणारा अतिनील दिवा) चार दिवस नसला तरी बिघडत नाही. फ्रीजरमधले उंदीर एकदा पूर्ण वितळले की टाकून द्या, परत गोठवून घालू नका.

निघायची वेळ आली तर काचेचा टँक न्यायचा नाही, फुटतो. सापासाठी जाड सुती उशीचा अभ्रा, शिवण उसवलेली नाही ना बघून, तोंडाला घट्ट गाठ, आणि तो अभ्रा भोकं पाडलेल्या, झाकण लॉक होणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात. एका डब्यात एकच प्राणी. वर चिकटपट्टी लावून त्यावर लिहा, प्राण्याची जात, बिनविषारी आहे हे, तुमचा नंबर, व्हेटचा नंबर. लॉकबद्दल आळस नको, १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने सापांची एक ब्रीडिंग फॅसिलिटी (पैदास केंद्र) उद्ध्वस्त केली आणि तिथले बर्मीज पायथन सुटले, हे साप एव्हरग्लेड्समध्ये (दक्षिण फ्लोरिडातल्या दलदलीत) आधीपासून होते हे खरं, पण सुटलेल्या सापाचं खापर आजही आपल्या सगळ्या साप पाळणाऱ्यांवर फुटतं.

जनरेटर असेल तर घराबाहेर, किमान २० फूट लांब, गॅरेजमध्ये अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइड माणसांनाही मारतो आणि प्राण्यांनाही.

टँपाच्या आसपास कुणी झोन ए किंवा बी मध्ये असेल आणि प्राण्यासाठी जागा नसेल तर मला आत्ता जूनमध्येच इनबॉक्स करा. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, चार-पाच डबे सहज बसतील, विषारी सोडून काहीही घेईन.