मामींचा दक्षिणावर्ती शंख

दिवाळी आली की आमच्या बडोद्याच्या नातलगांच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतो: 'दक्षिणावर्ती शंख फक्त भारताच्या समुद्रात, लाखांत एखादाच मिळतो. आतला जीव सात्त्विक, शेवाळावर जगतो. कानाला लावून ॐ ऐकू आला तर अस्सल.' यंदा दांडिया बझारच्या मामींनी यावर भरवसा ठेवून साडेआठ हजार मोजले, म्हणून लिहितोय.

ॐचं आधी उरकतो. चहाचा रिकामा कप कानाला लावा, तोही घुमतो. आजूबाजूचाच आवाज असतो तो.

'लाखांत एखादा' हे आपल्या शंखाबाबत, म्हणजे शास्त्रीय नावाने टर्बिनेला पायरमबाबत, खोटं नाही. निमुळती शेपटी वर धरून तोंड आपल्याकडे केलं की ते जवळजवळ नेहमी डावीकडेच येतं. उजवीकडचा, म्हणजेच दक्षिणावर्ती, फारच दुर्मीळ. पण मामींच्या शंखात टॉर्च मारला तर मधला खांब गुळगुळीत. आपल्या शंखाच्या खांबावर तीन-चार ठसठशीत आडव्या वळ्या असतात, बोटाला लागतात. मामींनी स्वतः बोट घालून पाहिलं आणि गप्प बसल्या.

हा निघाला लाइटनिंग व्हेल्क नावाच्या समुद्री गोगलगायीचा शंख. राहणार अमेरिकेचा: नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडा आणि पुढे मेक्सिकोच्या आखातापर्यंत, उथळ पाण्यातल्या वाळूत नि चिखलात. टेक्सासने १९८७ मध्ये त्याला राज्याचा शंख ठरवलं. त्या जातीत उजवं तोंड हाच नियम, त्यामुळे दुर्मीळपणाचे पैसे पाण्यात.

आणि सात्त्विक? शिंपला पायाने कवटाळायचा, स्वतःच्या कवचाची कड फटीत पाचरीसारखी घुसवायची, मग सोंड आत घालून मांस खरवडून खायचं, हा त्याचा रोजचा स्वयंपाक. आपला शंखही शेवाळावर जगत नाही. तो वाळूतले कृमी खातो. दोन्हींपैकी कुठलाच शंख शाकाहारी घरातला नव्हे.

गंमत म्हणजे हे बडोदेकरांना तरी ठाऊक हवं होतं. ओखामंडळ, म्हणजे द्वारकेचा परिसर, गायकवाडांच्या राज्यात होतं, बेट द्वारकेचं एक नाव शंखोद्धार. तिथल्या समुद्री जिवांवर जेम्स हॉर्नेल या ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञाने बडोदा सरकारसाठी केलेल्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्येच निघाला. कच्छच्या आखातात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, चिखलात लोक शंख हातांनी वेचत.

दुकानदार पैसे परत द्यायला तयार नाही. मामी म्हणतात, 'राहू दे रे. परदेशातून आलाय बिचारा.' शंख देव्हाऱ्यातच आहे. फॉरवर्ड मात्र त्यांनी डिलीट केला.