ॲव्हरेजचा हिशेब वेगळा, धुराचा वेगळा

नमस्कार,

माझ्या गाडीविषयीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा राग दोन गोष्टींवर आहे. कॉम्पॅक्ट एसयूव्हीला मी ‘पर्यावरणपूरक’ म्हटलं, ही वाचकांची दिशाभूल. आणि डिझेल गाडी लिटरमागे जास्त पळत असताना मी पेट्रोल हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची विजेची मोटर असलेली गाडी) सुचवली, ती निव्वळ माझी आवड.

पहिलं मान्य. तो शब्द मी वापरायलाच नको होता. गाडी उंच झाली की वारा अडवणारं तिचं अंगही मोठं होतं आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. तेच इंजिन घातलेली बुटकी, हलकी गाडी हायवेवर कमीच पिणार.

दुसऱ्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. तुम्ही ॲव्हरेज आणि प्रदूषण एकाच खात्यात मांडलंत, तिथे गडबड झाली.

कार्बन डायऑक्साइडचं गणित सरळ आहे: जेवढं इंधन जळेल तेवढा तो निघणार. लिटरभर पेट्रोलमागे सुमारे 2.3 किलो, डिझेलमागे सुमारे 2.65 किलो. (इंधनाच्या वजनापेक्षा जास्त कसा, असं वाटेल, हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो म्हणून.) म्हणजे डिझेल गाडी लिटरला 20 किलोमीटर जात असेल, तर पेट्रोल गाडी 17.4 ला तिची बरोबरी करते. दोन्ही इंधनांचे लिटर सारखे धरून तुलना होत नाही.

धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू आणि काजळी यांचं तसं नाही. इंधन किती जळलं यापेक्षा ते कसं जळलं आणि सायलेन्सरपर्यंतच्या वाटेवर किती घाण अडवली गेली, यावर ते ठरतं. 2015 साली फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं ते आठवा. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्या, ॲव्हरेजला चांगल्या. पण चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती शुद्धीकरण यंत्रणा पूर्ण चालवणारं सॉफ्टवेअर त्यांत होतं. रस्त्यावर त्याच गाड्या नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट सोडत होत्या.

आता तुमच्या वापराचं बघू. रोज सहा किलोमीटर जाणं, सहा किलोमीटर येणं, वाटेत सिग्नलच सिग्नल, असं तुम्हीच लिहिलंय. डिझेल गाडीच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळायला सुमारे 600 अंश तापमान लागतं, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळावी लागते. मी अशाच छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल एसयूव्ही वापरली आहे. गाडी बंद करून उतरलो तरी पंखा घरघरत राहायचा, बॉनेटखालून तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. काजळी जाळायचं काम अर्धवट राहिलेलं असायचं. पुढे फिल्टरचा दिवा लागला. डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघितली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं. बोटावर घेतलं तर पातळ, डिझेलचा वास मारणारं. काजळी जाळायला इंजिन जे जादा डिझेल सोडतं, ते सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये उतरलं होतं. ऑइल वाढलेलं बघून खूश होऊ नका, लगेच बदला, एवढं यानिमित्ताने सगळ्यांनाच सांगतो.

अशा वापराला हायब्रिड बरी पडते. एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते आणि सिग्नलला इंजिन बंद राहतं. फोर्डने 2004 मध्ये एस्केप हायब्रिड आणली, बाजारात आलेली पहिली हायब्रिड एसयूव्ही. तिचं अधिकृत ॲव्हरेज शहरात जास्त आणि हायवेवर कमी होतं, साध्या गाडीच्या अगदी उलट. हायवेवर ब्रेकच फारसा लागत नाही, मग परत मिळणार काय? शिवाय वाऱ्याचा विरोध तिथेच सर्वांत जास्त. तुमचं बहुतेक धावणं तसं लांब पल्ल्याचं असतं, तर मीही तुम्हाला डिझेलच सुचवली असती.

मूळ लेखातला ‘पर्यावरणपूरक’ शब्द आज काढला. त्या जागी ‘याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा शहरात कमी इंधन जाळणारी’ असं लिहिलं आहे.