रिकंबंटला टायर कुठलाही चालतो? अजिबात नाही

सायकलवाल्या मंडळींमध्ये एक मेसेज परत परत फिरतोय. त्यात म्हटलंय की रिकंबंट सायकलवर मागे रेलून पाय पुढे करून बसतो त्यामुळे सगळा खेळ हवेचा, टायरने काही फरक पडत नाही, तरी घ्यायचाच तर पातळ घ्या आणि त्यावर लिहिलेलं मॅक्झिमम प्रेशर भरा, 20 इंची चाक तसंही स्लोच, आणि तीन चाकी असेल तर रोलिंग (म्हणजे टायर रस्त्यावर फिरताना होणारा रोध) दीडपट. मी नेदरलँड्समध्ये गेली सहा वर्षं रोज ऑफिसला रिकंबंटने जाते, आणि हे वाचून नवीन लोक भलतेच टायर घेऊन बसतात ते बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतेच.

पहिला मुद्दा, "सगळा खेळ हवेचा." अहो, हवेचा रोध कमी झाला म्हणूनच तर टायरचं महत्त्व वाढतं! साधा हिशोब करा. माणूस आणि सायकल मिळून 95 किलो, सपाट रस्ता, वारा नाही, ताशी 30 चा स्पीड. साध्या रोड सायकलला हवेसाठी साधारण 115 वॉट लागतात, बऱ्यापैकी लो रिकंबंटला 70 च्या आसपास, आणि वेलोमोबिल म्हणजे पूर्ण कवच असलेली जी ट्राइक (तीनचाकी) असते तिला 20 सुद्धा लागत नाहीत. आता टायर बघा. चांगल्या टायरचा रोलिंगचा आकडा (एकूण वजनाच्या कितव्या हिश्श्याइतका रोध होतो तो) 0.005 धरला तर 39 वॉट, आणि जाड पंक्चरप्रूफ टायरचा 0.008 धरला तर 62. म्हणजे फरक 23 वॉट, आणि तो तिन्ही सायकलींना तेवढाच. पण रोड सायकलला एकूण ताकदीच्या हिशोबात तो 15 टक्के पडतो, रिकंबंटला 21 टक्के आणि वेलोमोबिलला 40 टक्के! (वेलोमोबिल जड असते ते तर मी धरलंच नाहीये.) म्हणजे ज्याला टायरने सगळ्यात जास्त फरक पडतो त्यालाच हा मेसेज सांगतोय की टायरकडे बघू नका.

"पातळ टायर फास्ट." टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती, हे मुख्यतः भार आणि प्रेशरवर ठरतं. एका चाकावर 40 किलो आणि 5 बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तर साधारण 8 चौरस सेंटिमीटर, टायर 28 मिमी रुंदीचा असो की 40 चा. फक्त आकार बदलतो, पातळ टायरमध्ये तो लांबुळका होतो आणि रुंद टायरमध्ये आखूड नि रुंद. लांबुळका असला की टायर जास्त खोल दबतो, साइडवॉल जास्त वाकते, आणि रबर वाकून परत सरळ होताना जी एनर्जी उष्णता होऊन जाते ना, तेच रोलिंग रेझिस्टन्स. त्यामुळे सारख्या प्रेशरला आणि सारख्या बनावटीत रुंद टायर हलका पळतो. फास्ट टायर म्हणजे पातळ रबर, लवचिक केसिंग (रबराच्या आतलं कापड). नुसती रुंदी बघून काही कळत नाही.

आता प्रेशर, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त त्रास लोकांना यानेच होतो. लॅबमधल्या गुळगुळीत ड्रमवर हवा वाढवत गेलं की रेझिस्टन्स कमीच होत जातो, हे खरंय. पण त्या ड्रमवर माणूस बसलेला नसतो. रस्त्यावर एका मर्यादेनंतर टायर खडबडीत भाग गिळायचं बंद करतो, अख्खी सायकल वर उचलली जाते, आणि ती थरथर आपल्या अंगात जिरते. ती एनर्जी आपण पॅडल मारूनच दिलेली असते. साध्या सायकलवर खड्डा दिसला की आपण सीटवरून जरा उठतो, कोपर वाकवतो, पाय स्प्रिंगसारखे वापरतो. रिकंबंटवर उठणार कुठे? पाठ, कंबर, मान सगळं सीटला टेकलेलं, म्हणून दणका थेट शरीरात. इकडे गावागावात विटांचे रस्ते आहेत, पहिल्या वर्षी मी त्यावर 8 बार भरून जायचे, डोळ्यापुढे रस्ता हलायचा आणि मला वाटायचं की वा, काय स्पीड आहे. नंतर त्याच रूटवर 5.5 वर आले तर तेवढ्याच दमात वेळ कमी लागायला लागला आणि मानदुखी गेली.

लहान चाकाचं म्हणाल तर यात अर्धं खरं आहे. लहान चाकाचा टायर जमिनीला टेकताना जास्त वाकतो, त्यामुळे तसाच टायर 20 इंचीत थोडा जड पळतो. पण 0.001 चा फरक पडला तर वरच्या हिशोबात ते 8 वॉट होतात, आणि चांगला टायर लावून ते भरून निघतात. 1933 मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फोर या सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या लहान चाकांच्या रिकंबंटवर तासाभरात 45.055 किमी मारले आणि 1914 पासूनचा ऑस्कर एगचा 44.247 चा रेकॉर्ड मोडला. पुढच्या वर्षी यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, रिकंबंटच रेकॉर्डमधून बाहेर काढली! एक मात्र बघून घ्या, 20 इंच नावाने 406 आणि 451 अशी रिमच्या व्यासाची (मिमी) दोन मापं मिळतात आणि एकाचा टायर दुसऱ्या रिमवर बसत नाही.

तीन चाकं म्हणजे दीडपट, हे तर साफ चूक. वजन तेवढंच असतं, ते तीन ठिकाणी वाटलं जातं, एकूण रोलिंग जवळपास तेच. ट्राइक जड वाटत असेल तर पुढच्या दोन चाकांचं अलाइनमेंट तपासा, चाकं एकमेकांना समांतर नसतील तर टायर रस्त्यावर घासत जातो, स्पीड खातो आणि थोड्याच किलोमीटरमध्ये ट्रेड (रस्त्याला टेकणारं रबर) संपवतो.

आणि प्रेशर ठरवायचं तर ज्या रस्त्यावर रोज जाता तिथलाच एखादा छोटा उतार घ्या, वारा नसताना पॅडल न मारता सोडा, कुठवर जाते ते खडूने मार्क करा, मग अर्धा अर्धा बार कमी करत परत परत सोडून बघा. माझ्या 40-406 टायरला (40 मिमी रुंद, 406 च्या रिमचा) आता मागे 5 आणि पुढे 4.5 बार असतं.