आईची पाठ आणि बाबांचा पेपर

आजोबा, नमस्कार. तुमच्या पत्राखाली 'सत्तरीतला आजोबा' अशी सही आहे. वयाची सत्तरी की गोव्यातला वाळपईकडचा सत्तरी तालुका, ते कळलं नाही. दोन्ही असेल तर दुप्पट नमस्कार.

तुमचं म्हणणं असं: चित्रपुस्तकातली आई स्वयंपाकघरात दिसली की मी नाक मुरडते, तुमच्या आईने जन्मभर चूल सांभाळली त्यात कमीपणा कसला, आणि मुलांना गोष्ट हवी, समाजसुधारणा नको.

शेवटचं आधी घेते, कारण ते मला पटतं. अँथनी ब्राउनचं 'पिगीबुक' (१९८६) घ्या. घरात इकडची काडी तिकडे न करणारा बाप आणि दोन मुलगे. आई निघून जाते, मागे हे तिघे डुकरं होतात. शेवटी ती परतते, बापलेक स्वयंपाकाला लागतात, आई गाडी दुरुस्त करते. चित्रं अफलातून, पण शिकवणीचा वास येतोच.

आता चूल. मॉरिस सेंडाकच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये (१९६३) मस्तीखोर मॅक्सला आई उपाशी झोपायला पाठवते. ती एकाही चित्रात दिसत नाही. राक्षसांच्या देशातून तो परत येतो तेव्हा खोलीत जेवण ठेवलेलं असतं, अजून गरम. रांधण्यापलीकडे तिने काही केलेलं दिसत नाही, तरी तिचा राग निवळल्याचं त्या जेवणावरून कळतं. अशी रांधणारी आई मला शंभरदा चालेल. खटकते ती ओट्याकडे तोंड करून उभी, चेहराच न काढलेली आई. आणि पेपराआडचे बाबा, ज्यांचे फक्त पाय दिसतात.

आमच्या घरी तर बाबा सकाळी पिशवी घेऊन मासळीबाजारात जायचे, बांगड्याचे कल्ले उचलून बघायचे, मासळीवालीशी हुज्जत घालायचे. घरी आल्यावर आई पिशवीत डोकावून म्हणायची, "हे ताजे?" पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून फाटकाकडे धावायचे ते आजोबा. गोव्यात हे घरोघरी दिसतं. पुस्तकात कुठे आहे?

मागे डिचोलीजवळच्या एका शाळेत वाचून दाखवत होते. 'संध्याकाळी बाबा घरी आले' या वाक्याला दुसरीतला एक मुलगा अडला. "हांचो पप्पा सदांच घरा येता?" त्याचे वडील बोटीवर, सात-आठ महिन्यांनी येणारे. बाकीची पोरं हसली. मला काही सुचलं नाही, मी पान उलटलं.

सुट्टीत तो जवळ आला आणि म्हणाला, आमचा पप्पा जेवताना असतो. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवतात, मग तो समोर बसल्यासारखा दिसतो. कधी जेवण संपायच्या आधी रेंज जाते.

असं चित्र असलेलं मराठी पुस्तक तुमच्या पाहण्यात आलं असेल तर नाव कळवा. पुढच्या महिन्यात त्या शाळेत परत जाणार आहे.