या गाडीत अर्थ नाही

आमची गाडी 1997 ची. कार्बोरेटरवाली, चोक ओढायची, आणि रंग मूळचा लाल असावा असं आरसीबुकात लिहिलंय म्हणून मानायचं. पंधरा वर्षं झाली तेव्हा 2012 ला रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, मग 2017 ला, मग 2022 ला, आणि दर वेळी मी आरटीओतून घामाघूम होऊन घरी आलो की बायको एकच वाक्य बोलते, "या गाडीत आता काही अर्थ नाही." मी ते वाक्य इतकी वर्षं टोमणा म्हणून ऐकत होतो. ते निदान होतं हे मला फार उशिरा कळलं, पण ते पुढे येईलच.

आम्ही राहतो चोडणला. चोडण म्हणजे गोव्यात मांडवी नदीतलं बेट, एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूलाही खारफुटी, आणि मधे माझी गाडी उघड्यावर उभी. जून ते सप्टेंबर पाऊस, उरलेले महिने खारा वारा. आमच्याकडे दाराच्या कड्या गंजतात, छत्रीच्या काड्या गंजतात, एकदा तर न वापरलेल्या ब्लेडची पुडी पुडीतल्या पुडीत गंजली होती. मग गाडीतल्या तांब्याच्या वायरीने काय घोडं मारलंय.

सुरुवात झाली ब्रेकपासून. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद पेटायचे. भर दुपारी. पार्किंग लाईटचं बटन बंद, तरी पेटायचे. मग डावा इंडिकेटर टाकला की मागे ब्रेक लाईटपण त्याच तालात लुकलुकायला लागली, म्हणजे मागून येणाऱ्याला कळेना की हा वळतोय की थांबतोय की नुसता फुगडी घालतोय. मग हॉर्न. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा आणि सरळ केलं की गप्प. आमच्या वाड्याच्या तोंडाशी बांधावर एक जुना वड आहे, तिथे उजवीकडेच वळावं लागतं, त्यामुळे रोज वडापाशी आलं की पोंऽऽ. आणि शेवटी सेल्फ. चावी फिरवली की नुसतं 'टक', पुढे काही नाही. पुन्हा टक. सात-आठ वेळा टक केलं की कधीतरी मूड लागला तर चालू.

आता गाडीची लाईट गेली की माणूस इलेक्ट्रिशियनकडे जातो हा गैरसमज आहे, आधी सगळं गाव गाडीकडे येतं. शेजारचे काका म्हणाले बॅटरी. फेरीबोटीवरचा पोरगा म्हणाला कार्बन ब्रश. बॅटरीच्या दुकानात गेलो तर तो म्हणाला बॅटरी (तो दुसरं काय म्हणणार), अल्टरनेटर रिपेर करणारा म्हणाला अल्टरनेटर, आणि म्हापशाच्या एका इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं, आत बघितलं, बॉनेट बंद केलं आणि म्हणाला, "सगळं वायरिंग बदला, नायतर गाडी बदला." मी 35 अँपिअर-अवरची नवी कोरी बॅटरी घेतली, साडेचार हजार मोजले आणि घरी आलो.

त्याच दिवशी आईने परस्पर वेगळा उपाय केला होता. गाडी नेमकी वडापाशीच ओरडते हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि तिथे आमच्या वाड्याचा देवचार, म्हणजे राखणदार, असतो हे चोडणात कोणालाही विचारा. राखणदाराचं काहीतरी राहिलंय, असं ठरवून तिने त्याला सोरो-रोट, म्हणजे दारू आणि जाड भाकर, दिला. गाडी चार दिवस झक्क चालली. पहिल्या झटक्यात सेल्फ! मी म्हणतो नवी बॅटरी, आई काही म्हणत नाही, नुसती हसते. पाचव्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर टकसुद्धा नाही. आई म्हणाली, "रोट लहान झाला असेल रे."

तेव्हा माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. पणजीहून तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला, बॅटरी चार्ज करून घेतली, व्हिडिओ बघून निगेटिव्हची वायर काढली आणि टर्मिनल आणि वायर यांच्या मधे मीटर लावला. गाडी बंद, चावी खिशात, सगळी दारं लावलेली. अशा वेळी जुन्या गाडीने फार तर 50 मिलिअँपिअर खावेत. आमची 280 खात होती! चोवीस तासांचे पावणेसात अँपिअर-अवर, म्हणजे पाच दिवसांत 35 ची बॅटरी साफ. घर ते फेरी दहा मिनिटं गाडी चालवून त्यातलं भरून निघणार किती. देवचार बिचारा निर्दोष होता, त्याने उलट चार दिवस ओढून नेलं.

मग एकेक फ्यूज काढत बसलो. फ्यूज बॉक्स ही आधीच्या मालकाची आत्मचरित्रात्मक कृती होती. 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा असा साधा हिशोब असतो, पण या गृहस्थाने जिथे लाल उडाला तिथे हिरवा ठोकलेला, आणि एका ठिकाणी तर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेली. वायर जळेल पण फ्यूज उडणार नाही अशी पक्की व्यवस्था. सगळे फ्यूज काढले तरी मीटर 280 च दाखवतोय. म्हणजे चोर फ्यूज बॉक्समधून येतच नव्हता. शेवटी ड्रायव्हर सीटखाली हात घातला तर काहीतरी कोमट लागलं. मला वाटलं मांजर व्यालं. तो निघाला अॅम्प्लिफायर. या माणसाला वूफरची हौस असणार, डेक गेला, वूफर गेला, पण अॅम्प्लिफायरची वायर त्याने थेट बॅटरीला जोडून ठेवलेली आणि तो गेली कित्येक वर्षं रात्रंदिवस जागा, गाणं कधी लागेल याची वाट बघत. वायर काढली. 280 वरून 20! मी अंगणात एकटाच ओरडलो.

घरात जाऊन जाहीर केलं की गाडी दुरुस्त झाली. असं कधी बोलू नये.

चवथीच्या आदल्या दिवशी मी आणि बायको पणजीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्याचं, सामान आणायला गेलो. कांगणां, आंबाडे, सुपारीचे कात्रे, दोन मोठे चिबूड, मागची सीट म्हणजे फिरतं रान झालेलं. रायबंदरला फेरीत चढलो, पहिलाच नंबर, अगदी पुढे. गाडी बंद केली. चोडण आलं, फळी पडली, चावी फिरवली.

टक.

मागे दहा-बारा गाड्या, पाचपन्नास स्कूटर, प्रत्येकाच्या घरी गणपती यायचाय आणि सगळे ओळखीचे, म्हणजे शिव्यासुद्धा नावानिशी. तरी गोंयकार माणूस धक्का मारायला कधी नाही म्हणत नाही. सहा-सात जण लागले, गाडी चढावर सरकायला लागली, आणि वर गेल्यावर बाजूला घ्यायला मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. पोंऽऽऽ. ज्यांनी घाम गाळून धक्का मारला त्यांच्यावरच हॉर्न! मी खिडकीतून "मी नाही, मी नाही" म्हणून ओरडतोय, बायको तोंड पदरात लपवतेय, मागे एक चिबूड घरंगळून फुटला, आणि कोणीतरी म्हणालं, "शेटीक घाय जाल्या दिसता."

त्या गर्दीत हाफपँट घातलेले एक म्हातारे होते. आयुष्यभर खाणीचा माल वाहणाऱ्या बार्जवर इलेक्ट्रिशियन होते, 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा बार्जपण थांबल्या आणि हेही. त्यांनी नाक वर करून वास घेतला. मला म्हणाले, परत सेल्फ मार. टक. त्यांनी बॉनेटमधे हात घालून अॅक्सिलरेटरच्या केबलला बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. केबल चटका बसण्याइतकी तापली होती. आता अॅक्सिलरेटरच्या केबलचा आणि करंटचा संबंध काय, ती बिचारी पायाने ओढायची साधी तार. पण म्हातारे खूश झाले. डिकीतून जंपर केबल काढायला लावली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजीनच्या लोखंडाला. "मार."

गाडी अशी उठली की मी दचकलो.

ते म्हणाले, बॅटरीतून करंट सेल्फपर्यंत जातो ते सगळे बघतात, पण त्याला परतही यावं लागतं. इंजीन बसलंय रबराच्या माउंटिंगवर, रबरातून करंट येत नाही, म्हणून इंजीनपासून निगेटिव्हपर्यंत एक जाड पट्टी असते. तुझी पट्टी कुजली. मग करंट मिळेल त्या वाटेने घरी जातो, सापडली अॅक्सिलरेटरची केबल, गेला तिच्यातून. मागच्या दिव्यांचंही तेच असणार, म्हणाले, ब्रेकच्या करंटला परतायची वाट नाही, मग तो पार्किंगच्या बल्बातून उलटा शिरतो आणि तुझा डॅशबोर्ड पेटवतो. मला ते लगेच पटलं. पावसात बांध फुटला की आम्हीपण शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून घरी जातो.

"बॅटरी बरी आसा, सेल्फ बरो आसा," ते हात पुसत म्हणाले. "गाडयेक अर्थ ना."

मी बायकोकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, ते हसू मला बाजूच्या सीटवरून ऐकू येत होतं.

चवथ झाल्यावर अर्थिंगची नवी पट्टी टाकली, दीडशे रुपये. जुनी हातात आली तेव्हा तिचा अर्धा भाग हिरवा भुगा होऊन माझ्या चपलेवर पडला. मागच्या दिव्यांचे अर्थिंगचे स्क्रू काढून पॉलिश पेपरने घासले, ग्रीस लावलं, आणि दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. म्हातारे पैसे घेईनात, एक चिबूड घेतला. हॉर्न तेवढा वेगळा निघाला, स्टिअरिंगच्या आत वायर सोलवटून बॉडीला लागत होती, तीपण टेप मारून नीट केली.

पण आता आई गाडीत असली की वडापाशी आल्यावर माझ्याकडे बघत राहते. गाडी हल्ली राखणदाराला न विचारता पुढे जाते हे तिला बरं वाटत नाही. त्यामुळे तिथे उजवीकडे वळताना मीच हाताने हॉर्न मारतो.