काकू, ‘निरोगी’ हा शब्द मी मागे घेते

काकू, तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली आणि उत्तराला शनिवार उजाडला. मधले सगळे दिवस रागात गेले असं समजू नका. पहिले दोनच गेले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ‘ब्लीच आणि स्ट्रेटनर वापरूनही लांब, निरोगी केस’ या माझ्या लेखावर अमळनेरच्या या काकूंनी लिहिलंय की त्यांच्या पुतणीने तो वाचून घरीच अख्खं डोकं ब्लीच केलं, वर रोज स्ट्रेटनर फिरवला, आणि दीड महिन्यात कमरेजवळचे केस तुटत तुटत खांद्यावर आले. आता काकूंनी तिला मेंदी आणि शिकेकाई सुरू करायला सांगितलंय. ‘आमच्या आयांनी तेल-शिकेकाईवर गुडघ्यापर्यंत केस वाढवले. तुमचे केस आनुवंशिक आहेत, त्याचं श्रेय बाटल्यांना देऊ नका. आपल्या बोअरच्या पाण्यात आणि या उन्हात हे कुणाला जमणार?’ आणि शेवटी अहिराणीत: ‘सोताना केसेसनी राख करी, नि आते पोरीसले शिकाडस!’ (स्वतःच्या केसांची राख केली, आणि आता पोरींना शिकवते!)

हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. ती हसत सुटली.

आधी माझी चूक. ‘मी ब्लीच करते’ एवढंच मी लेखात लिहिलं. माझ्या डोक्यावरचे जेमतेम पाव केस ब्लीच केलेले आहेत, तेही बारीक बटा फॉइलमध्ये घेऊन, हे लिहिलंच नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, केसाचा कुठलाही भाग दोनदा ब्लीच होत नाही. चार-पाच महिन्यांनी मुळाशी काळे आलेले तेवढेच घ्यायचे, आणि आधीचा सोनेरी भाग जिथे सुरू होतो तिथे पेस्ट थांबवायची. ती रेघ ओलांडली की एकदा पोळलेल्या जागेवर पुन्हा चटका, आणि केस बहुतेक वेळा तिथेच तुटतो. मला हे इतकं अंगवळणी पडलंय की लिहायचं सुचलंच नाही. भरिताची कृती द्यावी आणि वांगी भाजायची एवढंच सांगायचं राहावं, तसं झालं. तुमच्या पुतणीने अख्खं डोकं केलं ते माझ्या अर्धवट लिहिण्यामुळे. तिची माफी मागते. लेखात ही माहिती आता अगदी सुरुवातीलाच टाकली आहे.

दुसरी चूक शीर्षकातच आहे, आणि ती तुम्ही बरोबर पकडलीत. ब्लीच केलेला केस निरोगी नसतो. पावडरीत पर्सल्फेटचे क्षार, त्यात कालवायचं ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं डेव्हलपर. त्या मिश्रणाने केस फुगतो, वरचे खवले उचलले जातात आणि आतल्या मेलॅनिनचा काळा रंग उडतो. पण पेरॉक्साइड काही रंग तेवढा निवडून घेत नाही. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनला आतून बांधून ठेवणारे गंधकाचे दुवेही तोडतं, आणि केसावर मुळातच चिकटलेला चरबीचा अतिशय पातळ थर घालवतं. हा थर असतो तोवर पाणी केसावरून निथळतं. तो गेला की केस पाणी पितो, फुगतो, सुकला की आक्रसतो, शेजारच्या केसात अडकतो. आणि मुळाच्या वरचा केस जिवंतच नसल्यामुळे जखमेसारखा तो भरून येत नाही. कितीही महागाची बाटली आणली तरी डागडुजीच. कापड विरतं किंवा टिकतं. त्याला निरोगी कुणी म्हणत नाही. म्हणून शीर्षकातला ‘निरोगी’ काढून ‘टिकवलेले’ असा शब्द घातलाय.

पण काकू, लांब केस म्हणजे टिकवलेलेच केस, हे माझं म्हणणं मात्र मी सोडत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. माझ्या वेणीची लांबी ७० सेंटीमीटर. म्हणजे तिचं टोक पाच वर्षांच्या आसपास जुनं आहे. आठवड्याला दोनदा धरलं तरी ते पाचशेहून जास्त वेळा धुतलं गेलंय, आणि फणी तर मोजायलाच नको. ‘माझी वाढच खुंटली’ म्हणणाऱ्या पुष्कळ मुलींची वाढ अगदी ठीक असते. वरून महिन्याला सव्वा सेंटीमीटर येतो आणि खालून तेवढाच तुटतो, मग वर्षानुवर्षं केस खांद्यावर. मुळाला तेल चोळून टोकाला स्ट्रेटनर लावायचा, हा व्यवहार तोट्याचाच.

तुमच्या आयांचं म्हणाल, तर माझी मोठी माय, म्हणजे आजी, चोपड्याकडची. केस मांडीपर्यंत. तिने शिकेकाई लावली हे खरं, पण ती आणखी काय करायची ते आठवून पाहा. आठवड्यातून एकदा न्हाणं. न्हाण्याआधी तेल. केस जुन्या सुती लुगड्यात बांधून पाणी टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. लाकडी फणी, टोकापासून वर वर. मग घट्ट नाही पण पक्की वेणी, वर पदर. तिच्या केसांना शेतात जातानाही ऊन लागलं नाही. शिकेकाईत फेस आणणारं सॅपोनिन असतं, ती केस स्वच्छ करते, वाढवत नाही. वाढलेले केस मोठ्या मायच्या या बाकीच्या सवयींनी राखले. मी करते ते यातलंच आहे, फक्त लुगड्याऐवजी जुना टी-शर्ट आणि शिकेकाईऐवजी कंडिशनर.

आणि अजून एक, जरा खोडसाळपणे सांगते. तिच्या पत्र्याच्या पेटीत एक गंगावन, म्हणजे वेणीत गुंफायचे खोटे केस, होतं. तिचं नव्हे, तिच्या जावेचं. त्याच घरात, त्याच तेलावर आणि त्याच शिकेकाईवर त्या बाईची शेपटी बोटाएवढी होती. गुडघ्यापर्यंत केसांच्या बाया आपल्या लक्षात राहतात. गंगावन लावणाऱ्या लपवायच्या, म्हणून राहत नाहीत. आनुवंशिकतेचा तुमचा मुद्दा मी इथेच मान्य करून टाकते. केस किती वर्षं वाढत राहून मग गळायचा, हे बरंचसं जन्मानेच ठरतं. मला तेवढं दान बरं पडलंय.

तेलाबद्दल एक मजेची गोष्ट. २००३ मध्ये मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिलं. धुताना केसातलं प्रथिन कमी निघून जाणं, हे तिन्हींत फक्त खोबरेलाने केलं, ब्लीच केलेल्या केसांतही. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं, म्हणून आत शिरतं. आता खोबरेल विकणारी कंपनीच खोबरेल चांगलं म्हणणार, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. (आपल्या जळगावच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना आहे, तेव्हा मी गावकीतलीही.) पण मोठ्या मायचं ‘न्हाण्याआधी तेल’ यात चपखल बसतं. तेल धुण्याच्या आधी. तेल लावून स्ट्रेटनर फिरवणं म्हणजे केस तळणं.

पाण्याचं तुम्ही लिहिलंत ते मात्र सोळा आणे खरं, आणि माझ्या लेखात त्यावर एक ओळ नव्हती. आमच्याकडेही नळ रोज येत नाही, मग बोअर. बादलीला पांढरा थर, डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस नाही. त्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ब्लीच केलेल्या केसाला जास्तच चिकटतं, कारण तो सच्छिद्र असतो. केस काड्यांसारखे लागतात आणि आपण त्यावर आणखी तेल ओततो. मी डोक्यावरून शेवटचे दोन तांबे नळाच्या साठवलेल्या पाण्याचे घेते, आणि महिन्यातून एकदा ज्याच्या घटकांत ईडीटीए लिहिलेलं असतं असा शाम्पू वापरते. तो हे क्षार पकडून काढतो. ब्लीचच्या आदल्या धुण्याला तर हे हवंच. केसात तांबं किंवा लोखंड साचलेलं असेल तर पेरॉक्साइड जास्त भडकतं.

आता स्ट्रेटनर. हा माझा लाडका आणि माझा गुन्हेगार. सात वर्षांपूर्वी एका पार्लरमध्ये एकाच दुपारी माझे केस दोनदा ब्लीच केले गेले, दोन्ही वेळा ४० व्हॉल्यूमने, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. (२० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के. निम्मं.) घरी येऊन धुतले तर ओले केस भिजवलेल्या शेवयांसारखे ताणले जायचे आणि परत जाग्यावर यायचे नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी मामेबहिणीची हळद, मे महिना, घाई. अर्धवट ओल्या केसांवर २३० अंशांवर स्ट्रेटनर लावला. चर्र आवाज झाला आणि बट माझ्या हातात आली. केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते आणि केसात बुडबुडे फुगतात. त्याला बबल हेअर असंच नाव आहे. हळदीला मी ओढणी घट्ट गुंडाळून बसले. सगळ्यांना वाटलं, पोरगी किती संस्कारी.

मग मानेपर्यंत कापले. आज जी वेणी आहे ती त्यानंतरची. स्ट्रेटनर आता आठवड्यातून एकदा, पूर्ण सुकलेल्या केसांवर, १६० अंशांवर, एका बटेवरून एकदाच. उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे मारते, पण त्याने चटका कमी होतो, जात नाही. खर्चाचं म्हणाल तर साधा, घट्ट कंडिशनर आणि धुतल्यावर टोकांना दोन थेंब सिलिकॉनचं सीरम, एवढ्यावर माझं भागतं. ब्लीच केलेल्या केसावर ऋणभार जास्त असतो आणि कंडिशनरचे कण धनभाराचे, त्यामुळे साधा कंडिशनरही जिथे हवा तिथेच चिकटतो.

उन्हाबद्दल: भुसावळ-जळगावचा ४५ अंशांचा मे मी तरी कुणाला शिकवायला जाणार नाही. गाडीवर सगळ्या पोरी स्कार्फ बांधतातच. फक्त आत वेणी घाला. मोकळे केस स्कार्फखाली मानेवर घासून जी गाठ होते, ती सोडवताना मूठभर केस जातात.

आता तुमच्या पुतणीचं. मेंदी थांबवा, काकू. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी नावाचा रंग असतो, त्याची अॅलर्जी वाईट येते. आणि ब्लीचने तिच्या डोक्याची कातडी आधीच चिडलेली असेल. काही पुड्यांत धातूंचे क्षारही असतात. पुढे कधी त्यावर ब्लीच पडलं तर केस गरम होऊन वितळल्यासारखे होतात. नुसत्या पानांची शुद्ध मेंदी असली तरी सोनेरी केसावर भडक नारिंगी चढेल, ते तिला हवंय का विचारा. शिकेकाई चालेल, पण पूड चोळू नका. फुगलेल्या केसावर ती खरखरीत पडते. उकळून, गाळून, नुसतं पाणी घ्या.

स्ट्रेटनर तिने निदान सहा महिने कपाटात ठेवावा. ओल्या केसात फणी घालायची ती कंडिशनर लावलेला असतानाच, खालून वर. केस कापावे का, तर सगळे एकदम नको. उकललेली टोकं दोन महिन्यांनी बोटभर काढत राहावी, नाहीतर फाटत वर चढतात. नवे काळे केस वर्षाला १२ ते १५ सेंटीमीटर येतील, म्हणजे या आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पुढच्या आखाजीपर्यंत साधारण अर्ध्या वितेहून थोडे जास्त.

दोन गोष्टी मात्र तिला विचारून मला कळवा. एक, तिने नेमकं काय लावलं? चेहऱ्याचं ब्लीच केसांना लावलेल्या दोन मुली मला माहीत आहेत, म्हणून विचारते. आणि दुसरं, तिचा आजचा गुंतवळ फेकू नका, पांढऱ्या कागदावर पसरून पाहा. केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा कंद दिसला तर तो मुळापासून गळलाय. असे रोज ५० ते १०० गळणं चालतं, पण मूठभर असतील तर ब्लीचला दोष देत न बसता हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आणि गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेलाय का ते आठवा. कंद नसेल आणि तुकडे आखूड असतील, तर ते तुटलेले आहेत, आणि वर लिहिलंय ते सगळं त्यांच्यासाठीच. काय दिसलं ते लिहा, मी वाट पाहते.